गाणं चांगलंय, पण ते म्हणतंय कोण? स्टीफन सॉन्डहाइम सोप्या भाषेत

'जोकर' पिक्चरमधला ट्रेनच्या डब्यातला सीन आठवतोय का? सूट घातलेले तिघंजण आर्थरला छळायला लागतात आणि त्यातला एक गाणं म्हणत त्याच्या अंगावर येतो. किंवा 'मॅरेज स्टोरी'मधे डिव्होर्सच्या भांडणांनी पार पिळून निघालेला अ‍ॅडम ड्रायव्हर आपल्या नाटक कंपनीतल्या लोकांसमोर माइक घेतो आणि अख्खं गाणं म्हणतो तो सीन. दोन्ही पिक्चर २०१९ चे, गाणी मात्र १९७०-७३ मधली आणि दोन्ही एकाच माणसाची, अमेरिकेत ब्रॉडवेच्या नाटकांसाठी गाणी लिहिणाऱ्या स्टीफन सॉन्डहाइमची. ऑगस्ट २०२३ मधे मुंबईत बीकेसीच्या अंबानी कल्चरल सेंटरला 'वेस्ट साइड स्टोरी' आलं होतं, त्यातल्या गाण्यांचे शब्दसुद्धा याचेच. म्हणजे नाव माहीत नसलं तरी हा माणूस आपल्या कानावरून गेलेला असतो.

मग कोणीतरी उत्साहाने त्याचा अल्बम लावतं आणि दहा मिनिटात बंद करतं. चाल हाताला लागत नाही, शब्द भराभरा निघून जातात, कोण कोणाला काय म्हणतंय कळत नाही, आणि तरी अमेरिकेतले नाटकवाले याला देव का मानतात तेही कळत नाही. याचं कारण समजलं की ऐकायची पद्धतच बदलते असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी ब्रॉडवे म्हणजे काय ते बघू

ब्रॉडवे हा न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधला एक लांबलचक रस्ता आहे, पण नाटकवाले ब्रॉडवे म्हणतात तेव्हा त्यांना मुख्यतः टाइम्स स्क्वेअरच्या आजूबाजूची ४१ थिएटरं म्हणायची असतात, साधारण ५०० किंवा त्याहून जास्त सीटची. त्यापेक्षा लहान असेल तर ते ऑफ-ब्रॉडवे, मग ते शेजारच्याच गल्लीत का असेना. आपल्यासारखा आज शिवाजी मंदिर उद्या गडकरी असा प्रकार तिथे नसतो, एका शोला एक थिएटर, आठवड्याला आठ प्रयोग, आणि तिकिटं खपतायत तोवर तोच शो चालू.

म्युझिकल, म्हणजे गाण्यांमधून गोष्ट सांगणारं नाटक, लिहायचं म्हणजे तीन कामं असतात. कथा आणि संवाद, याला ते लोक 'बुक' म्हणतात. गाण्यांचे शब्द म्हणजे लिरिक्स. आणि संगीत. बहुतेक वेळा शब्दवाला वेगळा आणि संगीतवाला वेगळा, अशा जोड्याच प्रसिद्ध आहेत. सॉन्डहाइम पुढे दोन्ही एकट्याने करायला लागला, बुक मात्र कायम दुसऱ्याचं. पियानोसाठी तो सगळं बारकाईने लिहून द्यायचा आणि त्यातून ऑर्केस्ट्रा उभा करायचं काम बरीच वर्षं जोनाथन ट्यूनिकने केलं.

आता कोणी म्हणेल, यात नवीन काय, आपल्याकडे १८८० पासून संगीत नाटक आहे. आहेच. पण बालगंधर्वांच्या पदाला वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे तेव्हा कथा तेवढा वेळ थांबायची आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नसायची, कारण लोक गाणं ऐकायलाच आलेले असायचे. जुन्या ब्रॉडवेवरही थोडंफार असंच होतं, कथा निमित्ताला आणि गाणी स्टारसाठी, ती उचलून दुसऱ्या शोमधे टाकली तरी काही बिघडायचं नाही. हे बदलण्यात ज्या माणसाचा सगळ्यात मोठा हात होता ते म्हणजे गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन, आधी १९२७ चं 'शो बोट' आणि मग संगीतकार रिचर्ड रॉजर्सबरोबर १९४३ चं 'ओक्लाहोमा'. गाणं सुरू होताना पात्र एका ठिकाणी असतं आणि संपताना दुसऱ्या ठिकाणी पोचलेलं असतं, मधे काहीतरी घडलेलं असतं, ही त्यांची शिस्त. आणि हेच हॅमरस्टाइन सॉन्डहाइमचे गुरू.

शेजारच्या घरातली शाळा

सॉन्डहाइमचा जन्म २२ मार्च १९३० चा, न्यूयॉर्कचा. वडिलांचा बायकांचे ड्रेस बनवायचा धंदा होता, आई डिझायनर. घरात पैसा होता पण सुख नव्हतं. तो दहा वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले, आणि आईचा आणि त्याचा संबंध शेवटपर्यंत कडवट राहिला. आई त्याला घेऊन पेनसिल्व्हेनियात डॉयल्सटाउनजवळ राहायला गेली, आणि तिथे जवळच हॅमरस्टाइन कुटुंब. त्यांचा मुलगा जिमी याचा दोस्त झाला आणि हा पोरगा हळूहळू त्यांच्याच घरचा झाला. तो नंतर सांगायचा की हॅमरस्टाइन जिऑलॉजिस्ट असते तर मीही जिऑलॉजिस्ट झालो असतो. इतका जीव.

पंधराव्या वर्षी त्याने शाळेसाठी एक म्युझिकल लिहिलं आणि हॅमरस्टाइनना दिलं, म्हणाला मला ओळखत नाही असं समजून वाचा. मनात अर्थातच होतं की हे थेट ब्रॉडवेवर जाणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितलं की मी वाचलेल्या गोष्टींमधली ही सगळ्यात वाईट आहे, पण तुझ्यात टॅलेंट नाही असं मी म्हणत नाहीये, वाईट का आहे ते बघायचं असेल तर बस. आणि पहिल्या पानापासून एकेक रंगसूचना, एकेक ओळ घेऊन ते बोलत गेले. गाणं कसं बांधायचं, पात्र कसं आणायचं, प्रत्येक शब्दाला वजन का असतं. सॉन्डहाइम आयुष्यभर म्हणत राहिला की त्या एका दुपारी मी जेवढं शिकलो तेवढं लोक जन्मभरात शिकत नाहीत.

त्यानंतर त्यांनी त्याला चार म्युझिकल लिहायचा अभ्यास दिला. पहिलं एखाद्या आवडत्या चांगल्या नाटकावरून. दुसरं अशा नाटकावरून की ज्यात तुला काहीतरी चुकलंय असं वाटतं. तिसरं नाटक नसलेल्या गोष्टीवरून, कादंबरी किंवा कथा. चौथं पूर्ण स्वतःचं. मला हा अभ्यासक्रम फार भारी वाटतो, कारण यात गाणी लिहायला शिक असं कुठेच म्हटलेलं नाही, गोष्ट कुठे उभी राहते आणि कुठे पडते ते आधी शिक असं म्हटलंय. कॉलेज झाल्यावर तो मिल्टन बॅबिटकडे संगीत शिकला, हे बॅबिट म्हणजे अगदी अवघड, आधुनिक, गणिती संगीत करणारे, पण दोघं मिळून जुनी ब्रॉडवेची गाणीही उलगडून बघत बसायचे.

पहिलंच काम जगप्रसिद्ध, आणि त्यातलंच एक गाणं त्याला खटकायचं

१९५७ ला 'वेस्ट साइड स्टोरी' आलं. संगीत लिओनार्ड बर्नस्टाइन, बुक आर्थर लॉरेन्ट्स, दिग्दर्शन आणि नाच जेरोम रॉबिन्स, आणि शब्द या सत्तावीस वर्षाच्या मुलाचे. त्याला फक्त शब्द लिहायचे नव्हते, संगीतही करायचं होतं, पण हॅमरस्टाइन म्हणाले की एवढ्या मोठ्या लोकांबरोबर काम करायला मिळतंय, घे. दोन वर्षांनी 'जिप्सी'च्या वेळी पुन्हा तेच, स्टार एथेल मर्मनला नवख्या संगीतकाराची रिस्क नको होती म्हणून संगीत ज्यूल स्टाइनकडे गेलं, आणि हॅमरस्टाइननी पुन्हा तेच सांगितलं, की स्टारसाठी लिहायचं कसं ते शिकशील.

'वेस्ट साइड स्टोरी'त मारिया प्रेमात पडल्यावर मी किती सुंदर दिसतेय असं एक गाणं म्हणते. ते लोकांना प्रचंड आवडतं. सॉन्डहाइमला ते आवडायचं नाही. कारण काय, तर मारिया पोर्तो रिकोहून नुकतीच आलेली, इंग्लिश तिची भाषा नाही, आणि तिच्या तोंडी त्याने ओळीच्या आत लपवलेली अशी चमकदार यमकं घातली की ती लंडनच्या एखाद्या उच्चभ्रू पार्टीत बोलतेय असं वाटावं. प्रयोगाआधी एका मित्राने, तोही गीतकारच, हे दाखवून दिलं. याने लगेच साधं व्हर्जन लिहून आणलं, पण बाकीच्यांना जुनंच हवं होतं, म्हणून ते तसंच राहिलं आणि पुढची साठेक वर्षं तो इंटरव्ह्यूत त्याबद्दल बोलत राहिला.

सॉन्डहाइम समजून घ्यायची किल्ली इथेच आहे. गाणं सुंदर आहे का हा त्याचा प्रश्नच नव्हता, हे गाणं या बाईला सुचलं असतं का हा प्रश्न होता. यमक म्हणजे त्याच्या मते हुशारीची खूण, यमकं जुळवत बोलणारं पात्र शिकलेलं किंवा चलाख वाटतं, म्हणून कोणाला किती यमक द्यायचं ते माणूस बघून ठरवायचं.

"पण त्याच्या चाली लक्षातच राहत नाहीत"

हा आक्षेप त्याच्यावर आयुष्यभर घेतला गेला. थोडा खराही आहे. चाल लक्षात राहते ती मुख्यतः रिपीट झाल्यामुळे, मुखडा अंतरा मुखडा अंतरा. पण पात्र जर गाता गाता विचार बदलत असेल तर ते त्याच मुखड्यावर परत कसं येणार, आणि आलं तरी तसंच्या तसं कसं येणार? म्हणून त्याची चाल मधेच वळते, अडखळते, पुढे पळते. 'कंपनी' या त्याच्या १९७० च्या म्युझिकलमधे लग्नाच्या दिवशी घाबरलेली एक नवरी आहे, तिचं गाणं एवढं फास्ट आहे की श्वास घ्यायला जागा नाही, कारण तिला खरोखर श्वास सुचत नाहीये.

आणि तरीही जेव्हा साधी चाल हवी तेव्हा ती त्याने दिलीच. 'सेंड इन द क्लाउन्स', तेच ते 'जोकर'मधलं. १९७३ चं 'अ लिटल नाइट म्युझिक', त्यात देझिरे नावाची वय उतरणीला लागलेली नटी आपल्या जुन्या प्रियकराला सांगते की आपण परत एकत्र येऊ, आणि तो नाही म्हणतो, कारण त्याची तरुण बायको आहे. त्या जागी गाणं पुरुषाचं असावं असं सॉन्डहाइमला वाटत होतं, पण दिग्दर्शक हॅल प्रिन्सने तालमीत सीन असा बसवला की वजन बाईकडे गेलं, आणि मग याने तालमी चालू असतानाच झटपट तिच्यासाठी गाणं लिहिलं. ती भूमिका करत होती ग्लिनिस जॉन्स. आवाज घोगरा, गोड, पण सूर लांबवता यायचा नाही. म्हणून ओळी सगळ्या छोट्या, दम लागणार नाही अशा, आणि बऱ्याचशा प्रश्नाच्या रूपात. मापाला शिवलेल्या ब्लाउजसारखं गाणं, त्या बाईच्या गळ्याचं माप आणि त्या क्षणाचं माप. आता गंमत बघा, अपमान झालेली बाई रडू दाबून बोलेल तर ती तशीच तुटक बोलेल ना? नटीची मर्यादा हीच पात्राची अवस्था झाली. आणि 'क्लाउन्स' म्हणजे सर्कशीतले जोकर नव्हेत, ती नाटकातली बाई आहे म्हणून नाटकाच्या भाषेत बोलतेय, की आपला शो फसलाय आता विदूषक पाठवा. पुढे जुडी कॉलिन्सने ते गायलं, हिट झालं, आणि १९७६ ला ग्रॅमीत साँग ऑफ द इयर ठरलं. त्याच्या गाण्यांमधलं एवढं मोठं हिट हेच.

'मॅरेज स्टोरी'तलं गाणं 'कंपनी'च्या शेवटचं. पस्तिशीचा रॉबर्ट, मित्र सगळे लग्न झालेले, हा एकटा. गाण्याच्या सुरुवातीला तो लग्नाविरुद्धच्या तक्रारींची यादी वाचतो, कोणीतरी सतत जवळ, सतत त्रास, झोपमोड. मधे मित्र बोलत राहतात, त्याला ढकलत राहतात. आणि शेवटाकडे तीच यादी परत येते पण आता ती मागणी झालेली असते, हे सगळं मला हवंय, मला असं छळणारं कोणीतरी द्या. चाल जवळपास तीच, शब्दांत अगदी थोडा फरक, पण माणूस बदललेला. शेवटासाठी आधी लिहिलेलं गाणं बॉस्टनच्या ट्रायलमधे फार कडू वाटलं म्हणून ते काढून हे आलं. नुसतं अल्बमवर ऐकलं तर हा प्रवास निम्मा निसटतो, त्यामुळे ज्यांनी दहा मिनिटात बंद केलं त्यांचं मला आश्चर्य वाटत नाही.

एका गाण्याने अख्खा शो वाचतो तो कसा

शब्द आणि संगीत दोन्ही त्याचं असलेला पहिला ब्रॉडवे शो १९६२ चा, रोमन काळातला धमाल फार्स, 'अ फनी थिंग हॅपन्ड ऑन द वे टू द फोरम'. न्यूयॉर्कला यायच्या आधी वॉशिंग्टनला प्रयोग झाले तर थिएटर रिकामं आणि जे आलेत ते हसत नाहीत. जोक चांगले, नट चांगले, मग होतंय काय? जेरोम रॉबिन्सला बोलावलं, तो म्हणाला पहिलं गाणं चुकलंय. ते होतं हलकं, नाजूक, प्रेमाबद्दलचं, त्यामुळे लोक गोड प्रेमकथा बघायच्या मूडमधे बसायचे आणि समोर चालू व्हायची पळापळ. सॉन्डहाइमने नवीन ओपनिंग लिहिलं ज्यात सरळ सांगितलं की आज फक्त कॉमेडी आहे. बाकी शो जवळपास तोच, आणि त्याचे ९६४ प्रयोग झाले. बेस्ट म्युझिकलचा टोनीही मिळाला, टोनी म्हणजे ब्रॉडवेचं सगळ्यात मोठं अवॉर्ड, पण याच्या गाण्यांना नॉमिनेशनसुद्धा नाही!

"एवढा मोठा होता तर शो पडले का?"

पडले, आणि जोरात पडले. १९६४ चं 'एनीवन कॅन व्हिसल' नऊ प्रयोगात बंद. १९७१ च्या 'फॉलीज'ला सात टोनी मिळाले, ५२२ प्रयोग झाले, आणि तरी लावलेला पैसा बुडाला. संगीतकार म्हणून त्याच्या एकाही शोचे मूळ ब्रॉडवे रनमधे हजार प्रयोग झाले नाहीत, आणि दुसरीकडे 'फँटम ऑफ द ऑपेरा' १९८८ ते २०२३ असं १३,९८१ प्रयोग चाललं. कारण साधं आहे, एवढा काळ थिएटर भरायला टूरिस्ट लागतात, आणि न्यूयॉर्क बघायला आलेल्या फॅमिलीला गळे चिरणाऱ्या न्हाव्याची गोष्ट लगेच बघावीशी वाटेलच असं नाही. 'स्वीनी टॉड' म्हणजे तेच, १९७९, आणि त्याचं माझ्या मते सगळ्यात ताकदीचं काम.

सगळ्यात मोठं अपयश १९८१ चं 'मेरिली वी रोल अलाँग'. तीन मित्रांची गोष्ट, पण उलटी, चाळिशीत तुटलेल्या मैत्रीपासून मागे मागे जात विशीतल्या पहिल्या भेटीपर्यंत. आता एरवी म्युझिकलमधे आधी गाणं येतं आणि नंतर त्याचा तुकडा आठवणीसारखा परत येतो. इथे काळच उलटा, म्हणून आधी तुटका, थकलेला तुकडा ऐकू येतो आणि कितीतरी वेळाने ते गाणं पूर्ण, ताजं, जेव्हा ते पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हाचं. ऐकताना पोटात तुटतं अक्षरशः. पण त्यावेळी सगळे कलाकार विशीच्या आतबाहेरचे घेतले होते, प्रेक्षक गोंधळले, मधूनच उठून जायचे. १६ प्रयोग. हॅल प्रिन्स आणि सॉन्डहाइमची जोडी त्यानंतर फुटली ती वीसेक वर्षं. आणि तेच 'मेरिली' २०२३ ला ब्रॉडवेवर परत आलं, हॅरी पॉटरवाला डॅनियल रॅडक्लिफ आणि जोनाथन ग्रॉफ घेऊन, हाउसफुल, २०२४ मधे चार टोनी, त्यातला एक ऑर्केस्ट्रेशनसाठी त्याच जोनाथन ट्यूनिकला. हे बघायला सॉन्डहाइम नव्हता, २६ नोव्हेंबर २०२१ ला ९१ व्या वर्षी तो गेला. त्याचे शो टिकले ते रेकॉर्डिंग, कॉलेजं आणि लहान थिएटरं यांच्या जिवावर.

"बुद्धीचं सगळं ठीक आहे, पण हृदय कुठाय?"

'मेरिली' पडल्यावर त्याने नाटक सोडून व्हिडिओ गेम बनवायचा विचार केला होता. कोडी हे त्याचं वेड, १९६८ मधे 'न्यूयॉर्क' मॅगझिनसाठी अवघड शब्दकोडी तोच बनवायचा, त्यामुळे लोकांना वाटायचं की गाणीही हा कोड्यासारखीच लिहितो, थंड डोक्याने. मग त्याला नाटककार-दिग्दर्शक जेम्स लपाइन भेटला आणि दोघांनी एका चित्रावर म्युझिकल केलं. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सुराचं नदीकाठच्या रविवारचं प्रचंड मोठं चित्र, जे आज शिकागोला आहे, सगळं छोट्या छोट्या रंगाच्या ठिपक्यांचं. सॉन्डहाइमने संगीतही तुटक तुटक सुरांचं केलं, ठिपक्यांसारखं, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी चित्र पूर्ण होतं तेव्हा ते सगळे सूर जुळून एकत्र गातात. त्यात या चित्रकार जॉर्जचं एक गाणं आहे, तो चित्रातली एक टोपी रंगवत बसलाय आणि तेवढ्यात त्याची प्रेयसी त्याला सोडून गेलीय, त्याला ते कळतंय, आणि तरी तो टोपीच पुरी करतोय. कामात बुडून जवळची माणसं गमावणाऱ्या कोणालाही हे गाणं बुद्धीचं वाटणार नाही. 'संडे इन द पार्क विथ जॉर्ज', १९८४, पुढच्या वर्षी पुलित्झर.

माणूस म्हणूनही तो थंड नव्हता. शिकवणं हे पवित्र काम आहे असं तो म्हणायचा आणि तसाच वागायचा, नवख्या मुलांच्या पत्रांना टाइप करून उत्तरं पाठवायचा. 'रेंट' लिहिणाऱ्या जोनाथन लार्सनला त्याने धीर दिला. 'हॅमिल्टन'वाल्या लिन-मॅन्युअल मिरांडाकडून त्याने २००९ च्या 'वेस्ट साइड स्टोरी'साठी गाण्यांचं स्पॅनिश करून घेतलं, आणि 'हॅमिल्टन'चे कच्चे खर्डे वाचून मतं दिली. त्या एका दुपारचं कर्ज तो अशा पद्धतीने फेडत होता असं मला वाटतं.

मग ऐकायचं कुठून?

अल्बमपासून सुरुवात करू नका, पूर्ण शो बघा. मूळ कलाकारांसोबत स्टेजवर शूट केलेला 'इनटू द वूड्स' सगळ्यात सोपा, सिंड्रेला, लाल टोपीवाली, जॅक आणि राक्षस अशा ओळखीच्या परीकथा, पहिल्या अंकात सगळ्यांची इच्छा पूर्ण होते आणि दुसऱ्या अंकात त्याची किंमत मोजावी लागते. पहिल्या अंकाला संपलं समजून उठू नका. २०१४ चा मेरिल स्ट्रीपचा पिक्चर आहे पण त्यात बरंच कापलंय. मग 'संडे इन द पार्क', तेही मूळ कलाकारांचं शूट झालेलं आहे. 'स्वीनी टॉड' अँजेला लॅन्सबरीचं मिळालं तर तेच बघा. सबटायटल लावा, त्यात कमीपणा काही नाही, इंग्लिश मातृभाषा असणाऱ्यांचेही याचे शब्द सुटतात. आणि गाणं सुरू झालं की चाल शोधत बसण्याऐवजी एवढंच बघा की गाणाऱ्याला आत्ता काय हवंय आणि ते त्याला मिळतंय का. अल्बम त्यानंतर लावा.